माई, तुमच्या वह्यांबद्दल

प्रिय माई,

साष्टांग नमस्कार.

आभार मानायला मी दोनदा तुमच्या खोलीवर आले आणि दोन्ही वेळा तुम्ही चहा पाजून, विषय बदलून मला परत पाठवलंत. "आभार कसले गो? हिशेबच तर दिला," एवढंच म्हणालात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मला थांबवता येणार नाही. शिवाय आपल्या चाळीच्या महिला मंडळातल्या ज्या बायका डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला पांगल्या, त्यांच्याही हे वाचनात येईल. त्यांनाही कळायला हवं की आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतला "मंडळाची पन्नास वर्षं" हा लेख माझ्या नावावर छापला असला, तरी तो तुमचा आहे.

२०२४ च्या सभेत स्मरणिकेचं ठरलं आणि इतिहासाचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की मी ऑफिसात मराठी टायपिंग करते. मी या चाळीत सून म्हणून आले २००३ साली. मंडळाचं निम्म्याहून जास्त आयुष्य मी पाहिलेलंच नाही. कपाट उघडलं तर आत चौकटीतले फोटो, तीन ढाली, निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा आणि सभांच्या इतिवृत्ताची रजिस्टरं. इतिवृत्तं मी मन लावून वाचली. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले." "जमाखर्चास मंजुरी देण्यात आली." "अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली." वर्षामागून वर्षं तीच तीन वाक्यं, फक्त खालच्या सह्या बदलत गेलेल्या. सभा झाली हे कळतं. सभेला आलेल्या बायकांच्या घरात तेव्हा काय चाललं होतं, ते काही कळत नाही.

मग मी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. चार शनिवार बसले आणि चार पानं लिहिली. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात काढलेला आर्य महिला समाज, ११ मार्च १८८९ ला आपल्या मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी उघडलेलं शारदा सदन, १९०८ चं मुंबईचं सेवासदन आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा रमाबाई रानडे. या बायकांबद्दल वाचताना मी खरंच भारावले होते. विधवा मुलींना शाळेत बसवणं हीच तेव्हा लढाई होती. आपलं मंडळ त्याच वाटेवरचं आहे असं मला दाखवायचं होतं आणि ते चुकीचं आहे असं मला आजही वाटत नाही. पण चार पानं झाली तरी आपलं मंडळ काही त्यात आलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, छापायच्या आधी माईंना एकदा वाचून दाखव.

तुम्ही डोळे मिटून सगळं ऐकलंत. मला वाटलं, झोप लागली. संपल्यावर म्हणालात, "रमाबाईंचं छान लिहिलंयस. पण आपलं मंडळ रॉकेलच्या रांगेत सुरू झालं. ती रांग कुठं आहे ह्यात?" आणि मला पोटमाळ्यावर चढवलंत.

पत्र्याची ट्रंक. वर जुनी धाबळी, आत डांबराच्या गोळ्या आणि वाळून चुरा झालेला कडुलिंबाचा पाला. त्याखाली तेवीस वह्या. बहुतेक लाल कापडी बांधणीच्या चोपड्या, पण सगळ्यांत तळाला होती ती शंभर पानी शाळेची वही, पाठीमागे पाढे छापलेली. त्या वहीत हिशेब नव्हताच. डाव्या हाताला वार, उजव्या हाताला खोल्यांचे नंबर. "मंगळवार – ४, ११, १९, २६." मला काही उमगेना. मग तुम्ही सांगितलंत. १९७३-७४ चा काळ. रॉकेल मिळायचं नाही, साखर नाही, तेल नाही. रेशनच्या दुकानापुढे पहाटेपासून डबे लावून बायका उभ्या. गिरणीची पाळी सुटून नवरा घरी यायचा तर स्टोव्ह थंड. मुलं शाळेत जायची तर डब्यात काही नाही. तेव्हा एकीनं पाच घरांचे डबे घेऊन उभं राहायचं आणि बाकीच्या चौघींनी तिची मुलं सांभाळायची असं ठरलं. कोणी कधी उभं राहायचं यावरून भांडणं व्हायला लागली, म्हणून सातवीची फायनल पास झालेल्या तुम्ही मुलाची वही घेतलीत आणि पाळ्या लिहून काढल्यात. ते आपल्या मंडळाचं पहिलं पान. स्मरणिकेत आम्ही त्याचा फोटो पूर्ण पानभर छापला आहे. त्यावर रॉकेलचा डाग आहे, तोही आला आहे.

त्याच वहीच्या मधल्या पानांत एके ठिकाणी "मोर्चा, बसभाडे, १७ बायका" अशी ओळ आहे. महागाईविरुद्ध महिलांची संयुक्त समिती १९७२ मध्येच उभी राहिली होती. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्या हाकेला मुंबईतल्या हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. हे मी पुस्तकांतही वाचलं होतं. आपल्या चाळीतल्या सतरा जणी त्यात होत्या, हे मात्र त्या बसभाड्याच्या ओळीशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. तुम्हाला त्या दिवसाचं काय आठवतं विचारलं, तर म्हणालात, "लाटणं माझं नव्हतं. शेजारणीचं आणलेलं. थाळीवर आपटून त्याला चीर गेली. तिला नवीन घेऊन दिलं." ते लाटणंही खर्चात आहे, माई. पुढच्याच ओळीत.

पुढे मंडळाची नोंदणी झाली. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला निदान सात जणी लागतात. अर्जावर सात सह्या आहेत, त्यांत तुमची नाही. मला वाटलं होतं, काही वाद झाला असेल. तुम्ही म्हणालात, सह्या सकाळी होत्या आणि तुमच्याकडे अकरा गिरणी कामगार जेवायला होते. भाकऱ्या टाकून कशी येऊ? बस, एवढंच कारण. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार अशी नावं लेटरहेडवर छापली गेली आणि पुढची सदतीस वर्षं दर दोन-तीन वर्षांनी बदलत गेली. तुमचं नाव त्यांत एकदाही आलं नाही. खजिनदारबाई संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसायच्या, पिशवीतल्या चिठ्ठ्या-पावत्या ओतायच्या आणि तुम्ही वही लिहायचात. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, खाली अक्षरी रुपये. पहिल्या खजिनदारबाईंना सही करण्यापुरतंच लिहिता येत होतं. पण पैशाला त्यांचा हात स्वच्छ होता आणि तुमच्या आकड्यावर त्यांचा भरवसा. तुम्ही दोघींनी मिळून ते पद सांभाळलंत. स्मरणिकेतल्या पदाधिकाऱ्यांच्या यादीत मी शेवटी "हिशेबलेखन" असा वेगळा रकाना केला आणि त्यात तुमचं एकटीचं नाव घातलं. तुम्हाला न विचारता केलं. रागावू नका.

तुमच्यासारख्या खानावळवाल्या तेव्हा गिरणगावात गल्लोगल्ली होत्या. किराणा उधारीवर, उधारीवर व्याज, आणि कामगाराचा पगार महिन्याने. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारात नेलं. बायकांना बँक कर्ज देते, हे आपल्या चाळीत आधी कोणाला खरं वाटलं नव्हतं, असं तुम्ही सांगितलंत. पासबुक हातात घेऊन ते उलटं-पालटं करून बघणाऱ्या बायकांचं वर्णन तुम्ही केलंत, तेव्हा तुमचे हात तसेच हलत होते.

आता १९८२ ची वही. तिच्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय.

१८ जानेवारीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं "संप सुरू" असं लिहिलेलं आहे. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यांतले आपल्या चाळीचे किती होते हे खोल्या मोजून तुम्हीच सांगितलंत. महिन्याची एक रुपया वर्गणी मार्चपर्यंत कशीबशी आली. एप्रिलपासून त्या रकान्यात "माफ" आहे. आणि मग नवा रकाना सुरू होतो, "मूठधान्य". ज्या घरात पगार चालू होता, त्या घरच्या बाईनं रोज स्वयंपाकाच्या आधी मूठभर तांदूळ डब्यात टाकायचा आणि शनिवारी डबा मंडळात आणायचा. मला वाटलं होतं, कोणी किती दिलं त्याची यादी असेल. नाही. फक्त एकूण वजन आहे, किलो आणि ग्रॅममध्ये. मी विचारलं, नावं का नाहीत? तुम्ही म्हणालात, डबे सगळ्यांनीच आणायचे असं ठरलं होतं. ज्यांच्याकडे काही नाही त्यांनीसुद्धा झाकण लावून रिकामा डबा आणायचा. आतल्या खोलीत एका परातीत सगळे ओतायचे आणि मगच तोलायचे. कोणाचा भरलेला होता आणि कोणाचा रिकामा, ते ओतणारीलाच ठाऊक. आणि ओतणारी तुम्ही होतात.

माई, हे ऐकल्यावर मी त्या दिवशी पुढचं काहीच लिहून घेऊ शकले नाही. तुमच्या लक्षात आलं होतं ना? तुम्ही उठून दूध तापवायला गेलात.

१९८३ च्या पावसाळ्यात मूठधान्याचा रकाना कोरा होत जातो. देणाऱ्यांच्याही घरातलं संपलं होतं. "संप मागे" अशी नोंद मी पुढच्या सगळ्या वह्यांत शोधली. कुठेच नाही. तुम्ही म्हणालात, "घेतलाच नाही कोणी मागे, तर लिहू काय?" इतिहासाची पुस्तकंही तेच सांगतात, पण तुमच्या त्या न लिहिलेल्या ओळीनं मला ते जास्त नीट कळलं.

त्या दिवाळीत फराळाचं काम सुरू झालं. मंडळात तेव्हा लिज्जतचा दाखला सगळ्यांच्या तोंडी असायचा: १५ मार्च १९५९, गिरगावातली गच्ची, सात बायका आणि उसने ऐंशी रुपये. आपल्यातल्या काही जणी तिथे जातही होत्या. सकाळी पीठ घेऊन यायचं, घरी पापड लाटायचे, वाळवायचे, नेऊन द्यायचे. पण ज्यांची खोली उन्हाला पारखी, त्यांनी पापड वाळवायचे कुठे? त्यांच्यासाठी चकलीची भाजणी निघाली. तुमच्या वहीत एक किलो भाजणीचा हिशेब सबंध पानभर आहे. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरं, भाजायला रॉकेल, दळणाचे पैसे. आणि त्याखाली ठसठशीत "मजुरी". त्या एका शब्दावरून म्हणे तीन सभा गाजल्या. आपल्याच हातांची आपल्याला मजुरी कसली, विकून उरेल ते आपलंच, असं बहुतेकींचं म्हणणं होतं. तुम्ही हटला नाहीत. मजुरी आधी धरायची, मग भाव काढायचा. भाव जास्त होऊन माल नाही खपला तर नाही खपला, पण बाईनं दिवसभर भाजलं ते फुकट असं माझ्या वहीत येणार नाही, असं तुम्ही भर सभेत म्हणालात. हे मला तुम्ही नाही, त्या सभेला हजर असलेल्या दुसऱ्या एका आजींनी सांगितलं. आज आमच्या ऑफिसात मी तासांचा हिशेब मागते तेव्हा मला ते पान आठवतं.

मग त्या नोंदी. पहिली १९७९ ची आहे. "एका भगिनीस, प्रवासखर्च, ४० रु." त्यानंतर दर वर्षी कुठे एक, कुठे चार. "एका भगिनीस, दवाखाना." "एका भगिनीस, परीक्षा फी." "एका भगिनीस, कोर्टाचे तिकीट." "एका भगिनीस, भांडी सोडवणे." नाव एकाही ठिकाणी नाही. मी उत्साहात विचारत सुटले, ही कोण, ती कोण. गोष्टी तुम्ही सगळ्या सांगितल्यात. चाळीस रुपयांत रात्रीच्या एसटीनं माहेरी पोचवलेली बाई, सासरच्यांपासून लपून दहावीला बसलेली सून, हातावर डाग दिलेली मुलगी. नाव मात्र एकीचंही सांगितलं नाहीत.

इथे माझ्या हातून चूक झाली. एका गोष्टीतल्या खाणाखुणांवरून मला ती बाई ओळखू आली. मी तिला रोज जिन्यात भेटते. लेखाच्या पहिल्या मसुद्यात मी तिचं नाव घातलं, कौतुकानंच घातलं. ती आज कुठल्या कुठे पोचली आहे, लोकांना कळू दे असं मला वाटलं. तुम्ही ते पान वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "चाळीस रुपये दिले तेव्हा तिला वचन दिलं होतं. ते पैसे तिनं फेडले. वचन माझ्याकडे आहे अजून." मी ते नाव खोडलं. नुसतं खोडलं नाही, फाईलसुद्धा पुसून टाकली. आणि तुमच्यासमोर तेव्हा म्हणायला जमलं नाही ते आता म्हणते, मला माफ करा. पंचेचाळीस वर्षं जे तुम्ही जपलंत, ते मी एका छापील पानासाठी उघडं करणार होते. लेखात आता तुमचेच शब्द आहेत, "एका भगिनीस".

तुमच्याबद्दलची एक गोष्ट मात्र मी छापली आहे, तुमची परवानगी घेऊन. "माझं लिही, बाकीच्यांचं नको," असं तुम्ही म्हणालात, म्हणून इथेही लिहिते. १९८५ पर्यंत दर जानेवारीत "हळदीकुंकू खर्च" असं शीर्षक आहे. १९८६ पासून तिथे "तिळगूळ समारंभ" येतं आणि शेवटच्या वहीपर्यंत तेच राहतं. अक्षर तुमचंच. मधल्या वर्षात तुमचे यजमान गेले होते. त्या संक्रांतीला तुम्ही नेहमीसारखी वही घेऊन मंडळात आलात आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून हिशेब लिहायला लागलात. अध्यक्षबाई बाहेर आल्या, तुमच्या हातातली वही घेतली, हाताला धरून आत नेलं आणि तुम्हालाही वाण दिलं. दोन बायका उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. त्या रात्री तुम्ही शीर्षक बदललंत. त्यावर सभा झाली नाही, ठराव झाला नाही. इतिवृत्तात त्याचा एक शब्द नाही. पुढच्या वर्षी चाळीतल्या आणखी पाच जणी आल्या, हे मला वाणाच्या संख्येवरून कळलं.

बाकीचं भराभर सांगते, स्मरणिकेत आहेच. दंगलीच्या जानेवारी १९९३ चं पान कोरं आहे, फक्त वर "मंडळ बंद" असं लिहिलंय. नव्वदच्या दशकात बचत गट आले. गिरण्यांच्या चिमण्या गेल्या, टॉवर आले. करोनाच्या साली आपण मास्क शिवले, शिधा वाटला. तेव्हा वहीची जागा कॉम्प्युटरनं घेतली होती.

पण २६ जुलै २००५ मला माझ्या डोळ्यांनी आठवते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हिंदमात्याकडून पाणी चढत आपल्या गल्लीत आलं आणि मंडळाची तळमजल्याची खोली भरायला लागली. मी वरून पाहत होते. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून चाळीतल्या पोरांना ओरडत होतात, "आधी ट्रंक! ट्रंक वर न्या!" मागे दोन शिवणयंत्रं बुडाली. त्यावरून किती बोलणी खाल्लीत तुम्ही. मी नवी होते, मलाही तेव्हा वाटलं होतं की ह्या बाईला कागदांचं काय एवढं? यंत्रं पुढे दुरुस्त झाली, त्याचा खर्चही लिहिलेला आहे. ट्रंक त्या दिवसापासून तुमच्या पोटमाळ्यावर आहे. ती पाण्यात गेली असती, तर मी आजही ती चार पानं घेऊन बसले असते आणि मला वाटलं असतं की इतिहास पुरा झाला.

चौदा गुरुवार तुम्ही मला दिलेत. शहाऐंशीव्या वर्षी, एका डोळ्यानं दिसत असताना. माझं बोट ओळीवर ठेवून तुम्ही आकडा आठवणीतून सांगायचात आणि तो बरोबर निघायचा. मी चुकीचं वाचलं की "पुन्हा वाच" म्हणायचात, आवाज न चढवता. माझ्या शाळेत कोणी मला इतक्या सबुरीनं शिकवलं नाही. आईची फार आठवण यायची मला त्या दुपारी.

चाळ पाडायची बोलणी आता पक्की होत आली आहेत. ट्रंकेचं काय, हा तुमचा घोर मला माहीत आहे. सगळ्या पानांचे फोटो मी काढून ठेवले आहेत, दोन ठिकाणी. मूळ वह्या संक्रमण शिबिरात न्यायच्या नाहीत. त्या माझ्या माहेरी ठाण्याला कोरड्या कपाटात राहतील, आणि नवीन इमारतीत मंडळाला खोली मिळाली की पहिली वस्तू म्हणून आत येतील. "भगिनीस" असलेली पानं मी कोणाला दाखवणार नाही. परवाच्या महिन्यात तसा एक खर्च झाला. कॉम्प्युटरच्या तक्त्यात लाभार्थीचं नाव असा रकाना आहे. त्यात मी तुमचे दोन शब्द टाकले. ऑडिटरनी विचारलं तर व्हाउचर माझ्याकडे बंद पाकिटात आहे, तुम्ही ठेवायचात तसंच.

स्मरणिकेची तुमची प्रत मोठ्या अक्षरांत वेगळी छापून घेतली आहे. गुरुवारी घेऊन येते. १९९१ ची वही आपली वाचायची राहिली आहे, ती तेवढी वर काढून ठेवायला नातवाला सांगा. तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका.

तुमची,
खोली नंबर १९ ची सून